खाट शिल्लक नाही, हे उत्तर नव्हे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

वऱ्हाडात आश्विन उजाडला की शेतोशेती सोयाबीनच्या सुड्या उभ्या राहतात आणि मळणीयंत्रांची घरघर रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. यंत्र भाड्याचे असते, अवकाळी पावसाचे भय डोक्यावर असते; म्हणून दिवसभर राबलेला मजूर रात्रीही यंत्राच्या तोंडाशी उभा राहतो. एखाद्या बेसावध क्षणी पेंढीबरोबर हातही आत ओढला जातो. पुढचा प्रवास खेड्यापाड्यांतील माणसांना पाठ आहे. रक्ताने भिजलेला दुपट्टा हाताला गुंडाळून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतात. तेथे पट्टी बांधली जाते आणि ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. ग्रामीण रुग्णालयात कधी शल्यचिकित्सक नसतो. तो असला तर कधी भूलतज्ज्ञ नसतो. दोघे असले तर क्ष-किरण यंत्र बंद असते. मग अमरावती किंवा अकोला, आणि पुष्कळदा तेथूनही नागपूर. प्रत्येक मुक्कामावर एक चिठ्ठी वाढते आणि हाताची आशा तेवढ्याने कमी होते. अखेरीस मनगटापासून हात गमावलेला माणूस सावकाराचे कर्ज घेऊन घरी येतो. शेजारीपाजारी येऊन बसतात आणि म्हणतात, नशिबात होते.

या 'नशीब' शब्दाशीच आजच्या विषयाचे भांडण आहे. यंत्रात हात गेला तो अपघात होता, हे क्षणभर मान्य करता येईल. त्यानंतर जे घडले किंवा घडले नाही, तो मात्र अपघात नव्हता. कोणत्या गावी किती खाटा असाव्यात, कोणत्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद भरावे, रुग्णवाहिका कोठे उभी करावी, हे सारे माणसांनी घेतलेले निर्णय असतात. माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा जाब माणसांना विचारता येतो. तो कसा विचारावा, कोणी विचारावा आणि आजवर कोणी विचारला, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

आरंभ महाराष्ट्रातीलच एका जुन्या खटल्यापासून केला पाहिजे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत या गावी समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक वैद्यकीय व्यावसायिकाने पायाला लाकडी फळ्या बांधून तो स्थिर केला. पुढे त्याला मोटारीने सुमारे २०० मैलांवरील पुण्यास हलविण्यात आले आणि ९ मे रोजी तेथील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्याच दिवशी त्याचे हाड जागेवर बसविण्यात आले, पाय प्लास्टरमध्ये घालण्यात आला, आणि त्याच रात्री तो मुलगा मरण पावला. मृत्यूचे कारण म्हणून हाडातील मेद रक्तात मिसळल्याचे सांगण्यात आले. मांडीचे हाड मोडल्यावर असे घडू शकते, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते. आईवडिलांनी मात्र हे उत्तर स्वीकारले नाही. मुलाला पुरती भूल न देता केवळ मॉर्फियाच्या सुईवर ठेवून, साहाय्यकांच्या मदतीने पाय जबरदस्तीने ओढण्यात आला आणि त्या धक्क्याने त्याचा प्राण गेला, असे त्यांचे म्हणणे होते.

कनिष्ठ न्यायालयाने हे म्हणणे ग्राह्य धरले, उच्च न्यायालयाने ते कायम केले आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा निवाडा आजही देशभर उद्धृत केला जातो. वैद्याचे कर्तव्य त्यात तीन पायऱ्यांनी सांगितले आहे. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी, आणि ठरविलेला उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. यांपैकी कोणत्याही एका पायरीवर कसूर झाली तर रुग्णाला दाद मागण्याचा अधिकार पोहोचतो. त्याच निवाड्याने दुसरी बाजूही नोंदविली आहे. वैद्याकडून सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नाही, तशी अगदी निकृष्टही चालणार नाही. वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी, एवढीच कायद्याची मागणी आहे.

या खटल्याचे दोन आकडे कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावेत. मुलाचा मृत्यू १९५३ सालचा आणि अंतिम निकाल १९६८ सालचा, म्हणजे पंधरा वर्षे. मिळालेली भरपाई ३,००० रुपये. हे कुटुंब तीन न्यायालयांची पायरी चढू शकले, वकील देऊ शकले, पंधरा वर्षे धीर धरू शकले. तत्त्व प्रस्थापित झाले, ही त्याची मोठीच कामगिरी. परंतु ज्याची मजुरी एक दिवस बुडाली तर चूल पेटत नाही, त्याने पंधरा वर्षे कोणत्या बळावर उभे राहावे? कायद्याने दार उघडले खरे. त्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र ज्याच्या गाठीशी पैसा आणि उसंत आहे त्याच्यासाठीच होती.

आणि अंतराचे काय? पालशेत ते पुणे सुमारे २०० मैल. आज मेळघाटात धारणीच्या परिसरात कोणी डोंगरावरून पडला, तर घाट उतरून अमरावतीपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर आणि अमरावतीहून नागपूरपर्यंत आणखी दीडशेच्या आसपास. मैलांत मोजले तर हिशेब जवळजवळ तेवढाच भरतो. मधल्या सत्तर वर्षांत रस्ते सुधारले, मोटारी वेगवान झाल्या, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून राज्यात सुरू झाली. या सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. तथापि रुग्ण वेगाने पुढे पाठविता येणे आणि त्याच्यावर जवळच उपचार होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेळघाटातील तज्ज्ञ डॉक्टरांच्या उणिवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर वर्षानुवर्षे येत राहिला, यातच सारे आले.

आता दुसरा खटला. हा बंगालमधील आहे. पण वऱ्हाडातील शेतमजुराला तो पालशेतपेक्षाही जवळचा वाटावा असा आहे. ८ जुलै १९९२ रोजी संध्याकाळी दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील मथुरापूर स्थानकावर एक मजूर आगगाडीतून खाली पडला. डोक्याला गंभीर इजा झाली, मेंदूत रक्तस्राव झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोयी नव्हत्या. तेथून त्याला कलकत्त्यास नेण्यात आले. पहिल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मध्यरात्रीच्या सुमारास क्ष-किरण तपासणी झाली, ताबडतोब दाखल करण्याची गरज असल्याचे लिहिलेही गेले; परंतु खाट शिल्लक नव्हती. दुसऱ्या ठिकाणी खाट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी सोय नव्हती. रात्र सरली, सकाळ झाली, तरी एकामागून एक सरकारी रुग्णालयांचे उत्तर तेच होते. मेंदूच्या छायाचित्रासाठी नातेवाइकांना १,३१० रुपये भरावे लागले. अखेर एका खाजगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले आणि २२ जुलैपर्यंतच्या उपचारांपोटी सुमारे १७,००० रुपये खर्च झाले. १९९२ सालच्या शेतमजुराच्या मिळकतीत ही रक्कम किती वर्षांची कमाई होते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

तो माणूस वाचला. येथेच गोष्ट संपली असती तर ती हजारो गोष्टींपैकी एक ठरली असती. ती संपली नाही, कारण तो एकटा नव्हता. तो पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सभासद होता आणि समिती त्याच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. जखमी माणसाला वेळेवर उपचार नाकारणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि राज्य सरकारने २५,००० रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तातडीच्या उपचारांची सोय असावी, जिल्हा व उपविभागीय रुग्णालये अधिक सुसज्ज करावीत, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणी कळण्याची व्यवस्था असावी, रुग्णवाहिका साधनसामग्रीनिशी सज्ज असाव्यात, असे निर्देशही दिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसा नाही ही सबब या घटनात्मक कर्तव्यातून सरकारची सुटका करू शकत नाही, असे बजावले.

साथींनो, कायद्याच्या पुस्तकांत हा खटला त्या जखमी मजुराच्या नावाने ओळखला जात नाही. तो संघटनेच्या नावाने ओळखला जातो. हा केवळ नोंदणीचा योगायोग नव्हे. पालशेतच्या खटल्याने विचारले की या वैद्याने या रुग्णाशी काय केले. खेत मजदूर समितीच्या खटल्याने विचारले की राज्याने आपल्या नागरिकाशी काय केले. पहिला प्रश्न कुटुंबही विचारू शकते. दुसरा प्रश्न विचारण्यास संघटना लागते. जखमी माणसाला आपले दुःख तेवढे दिसते. हे दुःख शेजारच्या गावातही आहे आणि त्याचे मूळ एकच आहे, हे पाहण्याची दृष्टी संघटनेपाशी असते, किंबहुना असावी.

या ठिकाणी एक शंका रास्त आहे. ग्राहक संरक्षण कायदा आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी? १३ नोव्हेंबर १९९५ च्या निवाड्याने सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, हे खरे. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. रुग्ण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. खाजगी दवाखान्यात पैसे मोजून चुकीचा उपचार पदरी पडला असेल, तर हा मार्ग निःसंशय उपयुक्त आहे. परंतु त्याच निवाड्यात एक मर्यादा आखलेली आहे. जे रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य सेवा देते, ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार पूर्णतः मोफत झाले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पैसे मोजणारा माणूस ग्राहक ठरतो आणि त्याला ग्राहक आयोगाचे दार खुले असते. ज्याच्याकडे मोजायला पैसा नाही, तो ग्राहक ठरत नाही. तो केवळ नागरिक असतो.

केवळ नागरिक असणे ही उणीव आहे काय? मुळीच नाही. ग्राहकाचा हक्क खिशातून येतो. नागरिकाचा हक्क घटनेतून येतो. सरकारी रुग्णालयातील हलगर्जीपणाबद्दल सरकारच जबाबदार असते, हे तत्त्वही महाराष्ट्रातील एका प्रकरणातूनच पक्के झाले. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि त्यातून झालेल्या संसर्गाने ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य शासनाला जबाबदार धरले. १९६३ ते १९९६! तत्त्व भक्कम आहे; पण नागरिकाला हक्काची वाट चालायला जो काळ लागतो, तो काळ एकट्या माणसाच्या आवाक्यातला नाही. म्हणून पुन्हा तोच निष्कर्ष येतो. ग्राहकाला वकील पुरतो. नागरिकाला संघटना लागते.

आता वऱ्हाडाकडे वळावे. साधने नाहीतच असे येथे कोणी म्हणू नये. गरिबांना मोठ्या शस्त्रक्रिया मोफत मिळाव्यात म्हणून राज्याने जी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू केली, तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर चालू राहिली. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीस मात्र असे महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. विभागाचे मुख्यालय असलेल्या शहराला स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे वाट पाहावी लागते, आणि तोवर गंभीर जखमीने नागपूरची वाट धरावी, असे सर्वांनी मुकाट्याने गृहीत धरलेले असते! याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदराचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. मजुरांनी आणि अभियंत्यांनी रात्रंदिवस खपून केलेले ते काम कौतुकास्पद होते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, जे राज्य ठरविल्यास पाच दिवसांत एवढे करू शकते, त्याला त्या रस्त्यावर जखमी होणाऱ्या माणसासाठी ग्रामीण रुग्णालयात एक भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षे का नेमता येत नाही? कुवत नाही असे म्हणता येणार नाही. निकड वाटत नाही, एवढेच म्हणता येईल. निकड वाटावी, हे काम राजकारणाचे आहे.

परंतु राजकारण म्हणजे केवळ मोर्चा आणि निवेदन नव्हे. पक्षाच्या कार्यकर्त्याने जखमी माणसाबरोबर रुग्णालयाच्या दारात उभे राहणे, हेही राजकारणच आहे. त्यासाठी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

पहिली गोष्ट, कोणत्याही डॉक्टरला जखमी माणूस नाकारता येत नाही. पोलिसांचे प्रकरण आहे, आधी पोलिसांत जा, हे उत्तर बेकायदेशीर आहे. एका स्कूटरस्वाराला अपघातानंतर एका रुग्णालयाने, पोलिस-प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि त्यात त्याचा प्राण गेला. त्यावरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवावा, कागद मागाहून करावेत. रस्त्यावरील अपघातग्रस्तांसाठी मे २०२५ पासून पहिल्या सात दिवसांच्या उपचारासाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचाराची केंद्रीय योजनाही लागू झाली आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, हे बंधन महाराष्ट्रात कायद्यानेच आहे. करसवलती घेताना जे धर्मादाय असतात, ते अनामत रक्कम मागताना व्यापारी होतात. त्यांना त्यांच्याच नोंदणीची आठवण करून द्यावी.

दुसरी गोष्ट, कागद. गरीब माणूस कागदाला भितो, आणि नेमका कागदच त्याच्याविरुद्ध किंवा त्याच्या बाजूने बोलतो. रुग्ण किती वाजता आला, कोणी तपासला, कोणती सुई दिली, पुढे का पाठविला, हे केसपेपरवर आणि चिठ्ठीवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. 'खाट नाही' असे तोंडी सांगितले जात असेल, तर तेवढेच दोन शब्द वेळ घालून लिहून द्यावेत अशी विनंती करावी. अनुभव असा आहे की, लिहून द्यावे लागणार म्हटल्यावर पुष्कळदा खाट सापडते. उपचाराच्या नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांच्या आत देणे हे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारनियमांनी २००२ पासून बंधनकारक केले आहे. नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे हेही त्यात आहे. तेव्हा मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

तिसरी गोष्ट, शरीराची भाषा. प्लास्टर घातल्यावर किंवा हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर जर बोटे थंड पडली, पांढुरकी वा निळसर झाली, बधिर झाली, हलेनाशी झाली, आणि औषध देऊनही ठणका वाढतच गेला, तर तो सहन करण्याचा विषय नव्हे. रक्तपुरवठा अडला असेल तर स्नायू काही तासांत कायमचे मरतात. प्लास्टर तेथल्या तेथे सैल करवून घ्यावे लागते, सकाळची वाट पाहून चालत नाही. कार्यकर्त्याने डॉक्टर होऊ नये; परंतु रात्री दोन वाजता परिचारिकेला नम्रपणे आणि ठामपणे बोलावून आणण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असावे. जखमेवर हळद, चुना, राख लावू न देणे, धनुर्वाताची सुई दिली की नाही हे विचारणे, तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवणे आणि बोटाला थेट बर्फ लागू न देणे, या साध्या गोष्टींनी पुढचे आयुष्य बदलते.

चौथी गोष्ट, तक्रारीची वाट. सरकारी रुग्णालयाबद्दल जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल अधिष्ठाता. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. पैसे मोजलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोग. आणि हक्कभंगाबद्दल उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मेळघाटातील कोरकू मजुराला हे सांगणारा कोणी नसेल, तर तो कायदा त्याच्यापुरता अस्तित्वातच नाही.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती न सांगितल्यास बाकीचे सारे निष्फळ होईल. प्रत्येक वाईट परिणाम हा हलगर्जीपणा नसतो. उत्तम उपचार होऊनही हात जातो, माणूस जातो. ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरवर फौजदारी गुन्हा दाखल करण्यासाठी ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा दिसला पाहिजे असे ठरविले. निर्णयातील साधी चूक त्यासाठी पुरेशी नाही. हा निकाल डॉक्टरांच्या बाजूचा आहे म्हणून नापसंत करण्याचे कारण नाही. ग्रामीण रुग्णालयात एकट्याने रात्रपाळी करणारा तरुण डॉक्टर, ज्याच्या मदतीला भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी नाही, तो जर भीतीपोटी प्रत्येक जखमीला पुढे पाठवू लागला, तर मरण जखमीचेच आहे. तो डॉक्टर शत्रू नव्हे. तोही त्याच रिकाम्या पदांच्या ओझ्याखाली दबलेला आहे.

म्हणूनच रुग्णालयाच्या काचा फोडणाऱ्या, परिचारिकेवर हात उगारणाऱ्या रागाला पक्षाचा कार्यकर्ता पाठीशी घालू शकत नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अशा हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद केली आहे. पण प्रश्न केवळ शिक्षेचा नाही. दगड भिरकावला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या पदाची चर्चा होत नाही, फुटलेल्या काचेची होते. सरकार सुटते, मंत्री सुटतो. अडकतात ते दोन गरीब: एक जखमी आणि एक कनिष्ठ कर्मचारी. रागाला दिशा देणे म्हणजे राग विझविणे नव्हे. तो योग्य पत्त्यावर पोहोचविणे, हेच संघटनेचे काम आहे.

तो पत्ता ठरलेला आहे. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात म्हटले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहता कामा नये. तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता. हे तत्त्व नंतरच्या प्रत्येक सरकारने तोंडाने मान्य केले आणि अंदाजपत्रकात विसरले. योजनांमागून योजना आल्या. पण योजना खर्चाचे बिल भरू शकते, ती हाड जोडू शकत नाही. हाड जोडण्यास जागेवर शल्यचिकित्सक लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, चालू यंत्र लागते आणि रात्री तीन वाजता जागी असलेली परिचारिका लागते. सरकारी रुग्णालय ओस ठेवून खाजगी रुग्णालयाला बिल चुकते करणे, याला लोककल्याण म्हणण्याचा प्रघात पडत आहे. समाजवादी विचाराच्या माणसाने तो बिनतक्रार स्वीकारू नये.

तेव्हा प्रत्येक तालुका शाखेने तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात कोणती पदे मंजूर आहेत आणि त्यांपैकी कोणती भरलेली आहेत, हे माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागवावे आणि ते उत्तर रुग्णालयाच्या फाटकासमोर फलकावर लिहून ठेवावे. हंगामात, म्हणजे मळणीच्या आणि कपाशी वेचणीच्या महिन्यांत, रात्री-अपरात्री जखमीबरोबर जाऊ शकतील अशा दोन साथींची नावे प्रत्येक गावात जाहीर करावीत. आणि एकाही जखमीचे प्रकरण कागदाविना सोडू नये. दहा गावांची दहा प्रकरणे तारीखवार एकत्र झाली म्हणजे ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो. खेत मजदूर समितीने एका माणसाच्या एका रात्रीचा हिशेब तासातासाने मांडला, म्हणून सरकारला उत्तर द्यावे लागले. वऱ्हाडात अशा रात्री कमी नाहीत. त्यांचा हिशेब मांडणारे हात कमी आहेत.

मळणीयंत्रात गेलेला हात परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही पक्षात नाही. परंतु पुढच्या हंगामात जेव्हा कोणी तरी दुपट्ट्यात गुंडाळलेला हात घेऊन रुग्णालयाच्या पायरीवर उभा असेल आणि आतून उत्तर येईल की खाट शिल्लक नाही, तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहून शांतपणे, 'हे लिहून द्या' असे म्हणणारा कोणी असेल की नसेल, हे मात्र पूर्णतः पक्षाच्या हाती आहे.